गवंड्यांची पाणसळ

लॉज म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रवाशांची उतरण्याची जागा उभी राहते. लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील फ्रीमेसन्स हॉलमध्ये मात्र लॉज म्हणजे बंधूंची सभा. मध्ययुगातील गवंडी बांधकामाशेजारच्या ज्या पडवीत दगड घडवीत व विसावा घेत, तिचे हे नाव होय. पुढे ज्यांनी थापीस कधी हात लावला नाही, अशा गृहस्थांनीही ते स्वीकारले. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजनी एकत्र येऊन पहिले महामंडळ स्थापिले, अशी संघाची परंपरा आहे.

बंद दारांआडचे विधी व गुप्त खुणा यांमुळे या संघाविषयी नाना तर्क उठले. उत्तर हिंदुस्थानात तर लोकांनी त्याच्या घरांना ‘जादूघर’ हेच नाव दिले. लंडनच्या या वास्तूत मात्र आता कोणीही जावे. तिचे संग्रहालय विनामूल्य पाहावयास मिळते.

वास्तविक ही वास्तू म्हणजे एक युद्धस्मारक आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात कामी आलेल्या ३,२२५ बंधूंच्या स्मरणार्थ १९२७ ते १९३३ या काळात ती बांधली गेली. त्या सर्वांची नावे लिहिलेला चर्मपट ब्राँझच्या पेटीत असून, तिच्या चार कोपऱ्यांवर चार सैन्यदलांचे सैनिक गुडघे टेकून बसलेले दाखविले आहेत. पलीकडे महासभागृह आहे. त्याच्या ब्राँझच्या दाराची एकेक फळी सव्वा टनाची. आत सुमारे सतराशे माणसे बसू शकतात.

संग्रहालयात १७९१ साली तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्ससाठी घडविलेले अवाढव्य सिंहासन आहे आणि युद्धकैद्यांनी बंदिवासात मिळेल त्या वस्तूंतून बनविलेली संघाची चिन्हेही आहेत. गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ ही गवंड्यांची हत्यारे तर जागोजागी आढळतात. गुण्या सरळ वर्तनाची खूण, तर पाणसळ समतेची. सभेत राजपुत्र व कारागीर एकाच पातळीवर, असा तिचा अर्थ.

हा अर्थ कसास लागला तो मुंबईत. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी प्रवेश मागितला असता तेथील युरोपीय बंधूंनी तो नाकारला. माणेकजी युरोपास गेले आणि पॅरिसमधील एका लॉजने त्यांस बंधू म्हणून स्वीकारले. ते परतल्यावर, १८४३ साली, डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांस प्रवेश देणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत स्थापिले. याच माणेकजींनी पुढे १८६३ साली मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. १९६१ साली भारताचे स्वतंत्र महामंडळ अस्तित्वात आले. लंडनच्या महामंडळात स्त्रियांस मात्र आजही प्रवेश नाही. त्यांची मंडळे वेगळी आहेत.

ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील ती भारी दारे पाहताना माणेकजींची ही हकीकत ध्यानी ठेवावी. पाणसळ भिंतीवर कोरून बांधकाम समपातळीत येत नाही. ती दर थरावर पुन्हा लावून पाहावी लागते. मुंबईतला वाकडा थर दिसला, तो एका माणसाने ती लावून पाहण्याचा आग्रह धरला म्हणून.