कोंड्याचे मोल
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे शास्त्र मी काय सांगणार? पण रोज पिठात हात असतो, म्हणून पिठाविषयीच चार शब्द बोलते.

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात : वरची साल म्हणजे कोंडा, टोकाशी इवलासा अंकुर, आणि आतला पांढरा गर. शंभर भागांत कोंडा सुमारे 14, अंकुर 2 ते 3, बाकी गर. लोह, ब जीवनसत्त्वे आणि पोट साफ ठेवणारा चोथा हे बहुतेक कोंड्यात व अंकुरातच असते.

जाते काय किंवा नाक्यावरची गिरणी काय, दोन दगडांत सबंध दाणा भरडला जातो. त्या कणकेत तिन्ही भाग उतरतात. मोठ्या कारखान्यात गहू ओलवून लोखंडी रुळांमधून फोडतात आणि चाळून कोंडा व अंकुर काढून टाकतात. जाडसर राहिला तो रवा, अगदी बारीक तो मैदा. आपल्या आज्या सणाला सपीट काढीत, ते याच युक्तीने.

सणाची करंजी मैद्याची होऊ द्या, त्याला माझी ना नाही. पण रोजची कणीक आपण बारीक चाळणीने चाळतो, ती कशासाठी? पोळी पांढरी दिसावी म्हणून! 10 किलो गव्हात कोंडा आणि अंकुर मिळून दीड किलोच्या वर भरतात. दाम मोजून आणलेल्या धान्यातले सत्त्व आपण आपल्याच हातांनी टाकतो, आणि मग पोट साफ होत नाही म्हणून चूर्णे विकत आणतो. पांढरी पोळी ही काही घराची अब्रू नव्हे.

अंकुरात तेल असते, म्हणून सबंध दाण्याचे पीठ ठेवून खवट होते. बाजरीत तेल जास्त, ती लवकर कडू होते. ज्वारीचे पीठ जुने झाले की विरी जाते व भाकरी थापताना चिरते. तेव्हा दळण आठ दिवसांपुरतेच न्यावे, गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी दळून घ्यावी, आणि गरम पीठ पसरून निवल्यावरच डब्यात भरावे.

भगिनींनो, उद्यापासून चाळणी मोठ्या भोकांची घ्या. काडीकचरा जाईल, कोंडा राहील. एवढे केलेत तरी माझे बोलणे कारणी लागले, असे मी समजेन.