हौद्याबाहेरची माणसं



आपल्या शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या काळात सागरमाळाच्या उघड्या माळावर हे आवार उभं राहिलं. 2004 साली सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे आपल्याकडे राहिले. आज पदवी घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एवढा इतिहास पाठ असेल. मी बोलणार आहे खेळाबद्दल.

या मुलखात खेळ विद्यापीठाच्या आधीपासून आहे. कोल्हापूरच्या खासबागेचं कुस्ती मैदान शाहू महाराजांनी 1912 साली उभं केलं, म्हणजे ते आपल्यापेक्षा पन्नास वर्षांनी थोरलं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं तालमींची, पण त्यांचे संघ फुटबॉल खेळतात, हे बाहेरच्या पाहुण्याला सांगून पटत नाही. अमेरिकेत मिशिगनसारख्या सरकारी विद्यापीठाच्या सामन्याला लाखावर माणूस जमतं. आपल्याकडे गर्दी होते ती पेठेच्या संघासाठी. आंतरविद्यापीठ सामना बघायला बहुतेक वेळा पुढच्या सामन्याचे खेळाडूच बसलेले असतात! याचं मला वाईट वाटत नाही. खेळाडू गाव घडवतं, वस्ताद घडवतो. विद्यापीठ त्याला पुढची पायरी देतं: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ, मग राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध महोत्सव, पश्चिम विभागाची आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. सोबत किट, प्रवासभत्ता आणि नोकरीच्या वेळी उपयोगी पडणारं प्रमाणपत्र. असा खेळाडू कसा घडतो, ते बघा: सांगलीचा संकेत सरगर वडिलांच्या पानटपरीवर हातभार लावत वेटलिफ्टिंग करत होता. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 248 किलो उचलले, कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोने हुकलं.

आता थोडं मागे जाऊ. 1952 साली गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचं होतं आणि पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयातले त्यांचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ज्या ग्रंथालयात तुम्ही परीक्षेच्या आदल्या महिन्यात जागा धरून बसत होता, त्याला नाव आहे ते याच खर्डेकरांचं. कुस्तीसाठी घर गहाण टाकणाऱ्या माणसाचं नाव पुस्तकांच्या इमारतीला असावं, हे मला फार आवडतं.

पण हेलसिंकीत पुढे काय घडलं, ते कमी सांगितलं जातं. जपानच्या ईशीबरोबरची कुस्ती लांबली, खाशाबा थोडक्यात हरले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती हा नियम होता. तरी त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. 2024 साली पॅरिसमध्ये ते मिळवलं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणाऱ्या नेमबाजाने.

तुमच्यातले बहुतेक जण पदक आणणार नाहीत, मीही आणलं नाही. तुम्ही कुस्तीच्या हौद्याबाहेर, हेलसिंकीतल्या त्या गैरहजर अधिकाऱ्याच्या जागेवर बसणार आहात. मुख्याध्यापक व्हाल, बँकेत जाल, एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीवर याल, जिल्हा परिषदेत फायली हाताळाल. सामना आणि परीक्षा एकाच तारखेला आली की मुलाचा अर्ज तुमच्या टेबलावर येईल. वसतिगृहाच्या खोलीसाठी येईल, रजेसाठी येईल. नियम खेळाडूच्या बाजूचा असूनही तो दाखवून द्यायला माणूस लागतो.

मुलींच्या बाबतीत तर अधिकच. माणच्या दुष्काळी मोही गावातली ललिता बाबर 2016 साली रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तरीही आज एखाद्या वाडीतली मुलगी परगावी सामन्याला निघाली की आई आधी विचारते, बरोबर बाई कोण आहेत? संघासोबत महिला व्यवस्थापक पाठवणं हे कागदावर लहान काम आहे, पण त्याच्यावाचून ती मुलगी एस.टी.त चढतच नाही. आज पदवी घेणाऱ्या ज्या मुली उद्या शिक्षिका, प्राध्यापिका होतील, त्यांनी हे काम मागून घ्यावं, अशी माझी विनंती आहे. भत्ता तुटपुंजा असतो आणि परतीचं आरक्षण बहुधा वेटिंगवर असतं, हे आत्ताच सांगून ठेवतो.