हंगाम संपल्यावर काय?

(इंदापूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंदापूर तालुक्यात ‘हंगाम’ या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील कारखान्यांची धुराडी पेटली की हंगाम सुरू झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या परतीच्या वाटेला लागल्या की तो संपला. खेळाडू मुलींच्या व्यावसायिक लीगचा विचारही याच शब्दापासून सुरू करणे योग्य ठरेल. खेळ हे श्रम आहेत, हे एकदा मान्य केले की हंगामात किती मिळते एवढेच विचारून भागत नाही. हंगाम नसताना पोट कशावर भरते, हा साखर कामगाराचा जुना प्रश्न खेळाडूपुढेही तसाच उभा राहतो.

महिला कबड्डीचा असा एक हंगाम २०१६ साली झाला. पुरुषांची प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली होती. तिच्या चौथ्या हंगामाला जोडून जूनअखेरीपासून ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ भरवण्यात आली. संघ अवघे तीन. फायर बर्ड्सची कप्तान ममता पुजारी, स्टॉर्म क्वीन्सची तेजस्विनी बाई आणि आइस दिवाजची मुंबईची अभिलाषा म्हात्रे. या तिघीही भारतासाठी खेळलेल्या. अंतिम सामना ३१ जुलैला हैदराबादेत झाला आणि स्टॉर्म क्वीन्सने तो २४ विरुद्ध २३ अशा एका गुणाने जिंकला. त्याच संध्याकाळी, त्याच शहरात पुरुषांचाही अंतिम सामना झाला. पुरुषांच्या लीगचे पुढे बारा संघ झाले. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत या एकाच खेळाडूवर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. महिलांच्या त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम मात्र झाला नाही.

‘प्रेक्षक नाहीत’ हे याचे ठरीव उत्तर असते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही ते पुरेसे वाटू नये. या तीन संघांच्या नावांकडे पाहावे: आग, बर्फ आणि वादळ! एकाही संघाला गावाचे नाव नव्हते. पुण्याच्या संघाला पुण्याचा माणूस आपला म्हणतो. बर्फाच्या संघाला कोणत्या गावाने आपले म्हणावे? प्रेक्षक हे कोठारात साठवलेले धान्य नव्हे की दार उघडताच ओतले जावे. ते वर्षानुवर्षे घडवावे लागतात आणि तोवरचा तोटा कोणी तरी सोसावा लागतो. पुरुषांच्या कबड्डीसाठी भांडवलाने तो धीर दाखवला. महिलांच्या वाट्याला एका महिन्याची परीक्षा आली आणि निकाल कायमचा लागला.

धीर धरल्यास काय घडते, याचा दाखला अमेरिकेच्या महिला बास्केटबॉल लीगने दिला आहे. ती १९९७ साली आठ संघांनिशी सुरू झाली. मागे पुरुषांच्या लीगचा पैसा होता आणि त्याहूनही मागे १९७२ चा कायदा होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करण्यास त्याने बंदी केली, आणि त्यातूनच महाविद्यालयांत खेळाडू मुलींची पिढी तयार झाली. म्हणजे ज्याला बाजाराचे यश म्हणतात त्याचा पाया सार्वजनिक धोरणाने घातला होता. तरीही तेथे सारे आलबेल नव्हते. पहिली चार अजिंक्यपदे जिंकणारा ह्यूस्टनचा संघ २००८ मध्ये बंद पडला. घरचा पगार अपुरा म्हणून नामांकित खेळाडू बिगरहंगामात रशिया-तुर्कस्तानात खेळायला जात. ब्रिटनी ग्राइनर २०२२ मध्ये रशियात अटकेत पडली, तीही अशाच कामासाठी गेली असता. मराठवाड्यातून कोयता घेऊन येणारी बाई आणि ही सहा फुटांहून उंच खेळाडू यांच्या मिळकतीत अंतर अफाट आहे. पण दोघींच्या स्थलांतराचे कारण एकाच जातीचे आहे.

लीग टिकली म्हणून संघटनाही टिकली, हा यातील महत्त्वाचा भाग. १९९८ मध्ये खेळाडूंची युनियन उभी राहिली. जुना करार पुरेसा नाही म्हणून २०२४ मध्ये त्यांनी तो मुदतीपूर्वीच संपवण्याचा हक्क बजावला आणि जुलै २०२५ मध्ये इंडियानापोलिसच्या प्रदर्शनी सामन्याआधी ‘आमचे देणे आम्हाला द्या’ अशा अर्थाचे सदरे घालून मैदानात उतरल्या. जी लीग दुसऱ्या वर्षी भरणारच नाही, तिच्यात युनियन कोण काढणार आणि वाटाघाटी कोणाशी करणार?

भारतात खेळाडू मुलीची खरी लीग वेगळीच आहे. तिचे नाव भारतीय रेल्वे. महिलांच्या राष्ट्रीय कबड्डीत आणि बास्केटबॉलमध्ये वर्षानुवर्षे रेल्वेचा दबदबा राहिला, याचे कारण गुप्त नाही: तेथे बारा महिन्यांचा पगार आहे. खेळ थांबला तरी नोकरी थांबत नाही. जिच्यावर निरुपयोगीपणाचा शिक्का मारण्याची हल्ली रीत पडली आहे, त्या सार्वजनिक क्षेत्राने लिलाव न पुकारता आणि झगमगाट न करता हे काम केले. साखर कारखान्यांतील हंगामी कामगारांनीही बंद काळातला भत्ता लढून पदरात पाडला होता. त्यामागचे तत्त्व हेच होते की ज्याचे कसब पुढच्या हंगामाला हवे आहे, त्याला मधल्या काळात वाऱ्यावर सोडता येत नाही.

आता हा आधार कोठे झिजतो आहे ते पाहावे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. परंतु जेथे कायम पदच भरले जात नाही, कंत्राटदाराकडून माणसे घेतली जातात, तेथे ५ टक्के कशाचे काढायचे? जी थोडी पदे निघतात त्यांवर बनावट प्रमाणपत्रे घेऊन बसलेलेही राज्यात सापडले आहेत. पाटण्याचा पहिला महिला विश्वचषक २०१२ साली भारताने जिंकला. दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या मुली त्या संघात होत्या. दुसरा विश्वचषक ढाक्यात भरला तो नोव्हेंबर २०२५ मध्ये. तोही भारतानेच जिंकला. मधली तेरा वर्षे म्हणजे एका खेळाडूचे संपूर्ण आयुष्य होय.

इंदापूर-बारामतीच्या कार्यकर्त्यांना या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे. तालुक्यातील किती माध्यमिक शाळांत क्रीडाशिक्षकाचे पद भरलेले आहे, याची गाववार यादी करावी. कारखाने, दूधसंघ, बँका यांच्या वार्षिक सभांत सभासदांनी ठराव मांडावा की खेळाडू मुलींना बारा महिन्यांच्या वेतनावर घ्यावे. कुस्तीच्या फडाला देणगी मिळते, तेव्हा हा खर्च संस्थेला पेलवत नाही असे कोणी म्हणू नये. आणि गावच्या यात्रेतील कबड्डी स्पर्धेचे हँडबिल छापण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: मुलींच्या पहिल्या बक्षिसाची रक्कम मुलांच्या बक्षिसाइतकी आहे की नाही, आणि त्यांचा अंतिम सामना दुपारच्या उन्हात लावला आहे की रात्री दिव्याखाली.