तुमची नदी अजून नदी आहे
(प्रभागसंघाच्या मेळाव्यात परळच्या बचतगटातील एका ताईंनी केलेले भाषण)

तायांनो, मी परळची. गिरगाव, दादर, लालबागच्या नळाला येणारं पाणी तुमच्याकडच्या तानसा, वैतरणा, भातसा या नद्यांचं. तानसा धरण 1892 चं. म्हणजे आमच्या पणजीपासून आम्ही तुमच्याच नदीचं पाणी पितोय. आधी तुमचे आभार!

मुंबईलाही नदी आहे, मिठी. विहार-पवई तलावांकडून येते, माहीमच्या खाडीला मिळते. नाव मिठी, पण तिच्यात पाय घालवत नाही. सांडपाणी, प्लास्टिक, भराव टाकून तिचा नाला केला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. नदीला वाहायला जागाच नव्हती. पाणी घराघरांत शिरलं, माणसं गेली.

तुमची नदी अजून नदी आहे. आता आश्विनात गढूळपणा बसलाय, तळाचे गोटे दिसतात. कोजागरीचं दूध यंदा गटाने काठावर आटवा, लेकी-सुनांना घेऊन बसा. जिच्याशी मैत्री होते, तिला जपावंसं वाटतं.

पण घाण पडते तीही याच दिवसांत. म्हणून तीन गोष्टी करू या. नवरात्राच्या निर्माल्यातली फुलं खतखड्ड्यात, प्लास्टिक वेगळं. दिवाळीच्या गोधड्या-चादरी पात्रात नको, पाणी काढून काठापासून लांब धुवा. फवारणीचा पंप नदीत धुऊ देऊ नका, घरच्या माणसालाही ठणकावून सांगा.

आणि दर बैठकीत बचतीच्या हिशेबानंतर वहीत एक ओळ लिहा : या महिन्यात नदीसाठी काय केलं?