बाकी पुढे ओढली

जुन्या खतावणीत पान संपलं की मुनीम खाली लिहायचा, 'बाकी पुढे ओढली'. कवीला आवडावेत असे हे शब्द. जीएसटीच्या हिशोबात मात्र त्यांचा अर्थ फार कोरडा आहे.

आमच्या नात्यात धुळ्याला यंत्रमाग आहेत, म्हणून हा विषय घरात निघतो. समजा, 2018 साली मागवाल्याने एक लाखाचं कृत्रिम सूत घेतलं. त्यावर 12 टक्के कर, म्हणजे 12,000 रुपये. कापड विकलं दीड लाखाला. त्यावर 5 टक्के, म्हणजे 7,500. आधी भरलेल्या करातून हे 7,500 वळते झाले आणि 4,500 क्रेडिट म्हणून खात्यात उरलं. त्यातून ना मजुरी देता येते, ना विजेचं बिल भरता येतं. ते फक्त पुढच्या कराला चालतं. पुढच्या महिन्यातही तेच गणित! शिल्लक फुगते, भांडवल अडकतं. त्यात कर निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. केंद्राच्या खात्यातली जमा राज्याच्या कराला चालत नाही.

दर असे उलटे असले की कायद्यात परताव्याची सोय आहे. पण जुलै 2017 पासून कापडाला ती नव्हती. 1 ऑगस्ट 2018 पासून परतावा सुरू झाला, पण त्याच अधिसूचनेने जुलैअखेरची साठलेली शिल्लक रद्द ठरवली. 2019 साली गुजरात उच्च न्यायालयाने 'शबनम पेट्रोफिल्स' खटल्यात सांगितलं, की असं क्रेडिट बुडवण्याचा अधिकार कायद्याने दिलेलाच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून कृत्रिम सुतावरचा करही 5 टक्क्यांवर आला.

जळगावच्या डाळ मिलचं दुखणं निराळं. मोठ्या पोत्यातल्या डाळीवर कर नाही, म्हणून तिच्या यंत्रावर भरलेल्या कराची वजावटही नाही. तिथे पुढे ओढायला बाकीच उरत नाही.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, बिलं जपा. मार्चअखेर संपलेल्या वर्षाच्या बिलांचं क्रेडिट 30 नोव्हेंबरनंतर मागता येत नाही. आणि ही कुणाची मेहरबानी नव्हे, आपणच आधी भरलेला पैसा आहे. तो वेळेवर सुटला पाहिजे. कारण कराची बाकी पुढे ओढता येते. मागावर उभ्या असलेल्या माणसाची आठवड्याची मजुरी पुढे ओढता येत नाही.