मर्दखयाची रोजची फेरी

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज मननासाठी मी एस्तेरचे पुस्तक घेतले आहे. एस्तेर म्हटले की आपल्याला राणीचा मुकुट आठवतो. मला आधी तिचे लपणे आठवते. तिचे मूळ नाव हदस्सा. आईबाप नसलेल्या या यहूदी मुलीला तिचा चुलतभाऊ मर्दखय याने वाढवले. शूशन राजवाड्यात गेल्यावर तिने आपले लोक, आपले कूळ कोणालाही कळू दिले नाही.

आपल्या सातपुड्यातल्या मुलीही असेच लपतात. धडगावच्या डोंगरातली एक मुलगी शहरात नर्सिंग शिकायला गेली. तिची गोष्ट मी तिच्या परवानगीने सांगते. कोणी गाव विचारले की ती नुसते 'नंदुरबार' म्हणायची. घरचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात पावरी बोलायची आणि कोणी जवळ आले की मराठीवर यायची. २०११ च्या जनगणनेत भिली गटातल्या भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत. पण त्या जिन्यात ती एकटीच होती.

अशा मुलीला "घाबरू नकोस, आहेस तशी राहा" असे सांगणे सोपे आहे. शास्त्र काय दाखवते ते पाहा. पहिली गोष्ट, एस्तेरला लपायला मर्दखयानेच सांगितले होते, आणि शास्त्रात त्याबद्दल तिला दोष दिलेला नाही. दुसरी, तो रोज अंतःपुराच्या अंगणासमोरून फेरी घालून तिची खुशाली घेत असे. म्हणून हामानाने यहुद्यांच्या नाशाचा हुकूम काढला तेव्हा 'आता गप्प राहू नकोस' असे सांगण्याचा हक्क त्याला होता. तिसरी, एस्तेर एकटी पुढे गेली नाही. शूशनमधील सर्व यहुद्यांना तिने तीन दिवस उपास करायला सांगितले. मगच न बोलावता राजापुढे जाण्याचे धाडस केले, आणि पुढे मेजवानीत हे माझे लोक आहेत असे उघड सांगितले.

मूळ हिब्रू एस्तेरमध्ये देवाचे नाव एकदाही येत नाही. देवाचे मार्गदर्शन तिच्यापर्यंत रोज खुशाली घेणाऱ्या माणसाकडून पोहोचले.

आपल्या या मुलीसाठी ते काम वसतिगृहाच्या बाईंनी केले. दर रविवारी उपासनेनंतर त्या तिच्याजवळ बसत. एकदा त्यांनी विचारले, "एकटी असताना प्रार्थना कोणत्या भाषेत करतेस?"

"पावरीत."

"म्हणजे देवाला ती भाषा चालते."

बाई तेवढेच बोलल्या.

काही महिन्यांनी वॉर्डात तिच्याच भागातली एक आजी दाखल झाली. आजीला मराठी येत नव्हते. डॉक्टर विचारत होते आणि आजी गप्प होती. तेव्हा ही मुलगी सगळ्या मैत्रिणींसमोर पुढे झाली आणि पावरीत बोलली. आजीने तिचा हात घट्ट धरला आणि कुठे दुखते, किती दिवसांपासून दुखते, ते सांगू लागली.

त्या रात्री खोलीतल्या एकीने तिची चेष्टा केली. ती बाईंकडे जाऊन रडली. दोघींनी प्रार्थना केली. सकाळी ती पुन्हा त्याच आजीच्या खाटेशी गेली.

बंधुभगिनींनो, आपण फी देता, पुस्तके देता, चादरी देता. देव त्याचे फळ देवो. पण आपल्या मुलांची रोज खुशाली घेणारे कोण आहे? त्यांची आडनावे नीट उच्चारा. महिन्यातून एकदा उपासनेत एक गीत त्यांच्या भाषेत होऊ द्या, आणि ते ऐकायला पुढच्या बाकावर बसा. जो अजून लपतो आहे त्याला ओढून बाहेर काढू नका. त्याच्या अंगणासमोरून रोज फेरी घाला. बोलण्याची वेळ देव त्याला दाखवील. त्या वेळी उपास-प्रार्थनेत आपण त्याच्यासोबत असू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.