चाई आणि तिच्यावरील लेप
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या विषयावर चारचौघांत बोलणे आपल्याकडे अप्रशस्त मानतात, तो आम्ही आज घेतला आहे. डोक्यावर रुपयाएवढी जागा एकाएकी गुळगुळीत होते, तिला आपण चाई म्हणतो. क्वचित सारे डोके उजाड होते, भुवया-पापण्याही जातात.

'केसांत कीड शिरली' ही जुन्नर-आंबेगावकडील समजूत खरी नव्हे. रोगजंतूंशी लढणारी शरीराची शक्ती केसांच्या मुळांवरच उलटते, म्हणून केस गळतात. ही चाई एकाची दुसऱ्यास लागत नाही. (नायट्यानेही केस जातात व तो मात्र लागतो, तेव्हा निदान डॉक्टरांनीच करावे.) आमच्या अध्यापनकाळी अशा एका मुलीस वर्गात निराळे बसवावे, असा काही पालकांनी हट्ट धरला होता. तिच्या वहीलाही कोणी हात लावीना!

या विकारास सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त म्हटले असून, त्वचेवर फासण्या टाकून गुंजांचा लेप द्यावा असे सांगितले आहे. आपल्याकडे कांद्याचा रस चोळतात. धाडसी लोक बिब्बा लावतात. ओतूर-मंचरच्या बाजारात कांद्यास तोटा नाही आणि कांद्याची बाजू अगदीच लंगडी नाही. बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उपचार पुरा करणाऱ्या २३ जणांपैकी २० जणांस सहा आठवड्यांत केस आले. परंतु ते रोगी थोडे, त्यांची चाई लहान. आणि लहान चाई पुष्कळदा आपोआपही भरते. सारे डोके गेलेल्यास हा दाखला देणे म्हणजे त्याची फसवणूक होय.

त्वचा चेतविण्याचे तत्त्व मात्र आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. डायफेनसायप्रोन नावाच्या द्रव्याची त्वचेस प्रथम सवेदनता, म्हणजे ॲलर्जी, आणतात. मग लाखात एक भाग इतक्या सौम्य द्रावणापासून आरंभ करून, आठवड्यास एकदा, थोडी खाज व लाली येईल इतपतच ते लावतात. सहा-सहा महिने चिकाटी लागते. गुण सुमारे निम्म्यांनाच येतो, सारे डोके गेले असल्यास त्याहून कमी. बिब्ब्यास असे माप कोठले? फोड येतात, व्रण पडतो. आणि चाईत जिवंत राहिलेले मूळ व्रणाने कायमचे मरते. स्टेरॉइडचे मलमही दुकानदाराच्या सल्ल्याने महिनोन् महिने चोळू नये. त्वचा पातळ पडते.

तीव्र चाईत नुसते लेप बहुधा अपुरे पडतात. अमेरिकेत २०२२ साली बॅरिसिटिनिब या पोटात घेण्याच्या गोळीस या विकारासाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत मोठ्या मात्रेने तिघांतील एकाहून किंचित अधिक रोग्यांचे डोके नऊ महिन्यांत बहुतांशी भरले. गोळी थांबविल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात, आणि क्षयाची तपासणी केल्यावाचून ती घेऊ नये.

मंडळास आमची एक विनंती आहे. अशा मुलामुलींना पुण्यास ससूनच्या त्वचारोग विभागात वारंवार जावे लागते. त्यांचे येण्याजाण्याचे भाडे विद्यार्थी-निधीतून द्यावे. आणि सोयरीक जुळविताना 'मुलीच्या डोक्यास काही आहे काय?' हा प्रश्न कुजबुजीने विचारणाऱ्यांनी तो डॉक्टरांस उघड विचारावा.